क्लचबाईंचा चौक

चौकातल्या औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, ड्रायव्हिंग स्कूलची एक खोली होती. दोन खिडक्या, एक फळा, फळ्यावर रंगाने काढलेला चौक आणि त्यावर सरकवायला पुठ्ठ्याच्या चार गाड्या. स्कूल बाईंच्या वडिलांचं. पुढे अख्खं गाव ज्यांना क्लचबाई म्हणू लागलं, त्या तेव्हा कुणाच्याच बाई नव्हत्या. बावीस वर्षांची मुलगी, परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरात बसलेली.

एका सोमवारी वडील चाकातली हवा बघायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. पाठ अशी काही धरली की दोघांनी उचलून त्यांना जिन्याने वर आणलं आणि फळ्याखाली चटईवर आडवं केलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हलायचं नाही. खाली तीन विद्यार्थी ताटकळत उभे होते: एक शिंपी, एक बँकेतले कारकून आणि एक लाकडाचे व्यापारी. तिघांचीही लायसन्सची परीक्षा आठ दिवसांवर आलेली. त्यांना दुसऱ्या स्कूलचा पत्ता देऊन टाक, असं वडिलांनी सांगितलं.

मुलगी म्हणाली, "मी शिकवते."

वडिलांनी मान वळवून तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण मान वळेना. मग ते छतालाच म्हणाले, "किल्ली डाव्या खिशात आहे."

तिला गाडी येत होती यात नवल नव्हतं. चौदाव्या वर्षापासून दर रविवारी भल्या पहाटे वडील तिला घेऊन चौकात उतरत. तेव्हा चौकाच्या मधोमध एक गोल कट्टा होता, त्यात फुलझाडं आणि एक दिव्याचा खांब. चार रस्ते त्या कट्ट्याला येऊन भिडत: बाजाराचा, दवाखान्याचा, शाळेचा आणि खालच्या कारखान्याकडून चढत येणारा. या चौथ्याला सगळे नुसतं 'चढ' म्हणत. दिवसभरात सायकली, हातगाड्या, दोन-चार घोडागाड्या आणि आली तर आली अशी एक बस. पांढरे हातमोजे घातलेला पोलीस लाकडी खोक्यावर उभा राही, आणि जेवायला बसला की खोक्यावरच बसे. तेवढा वेळ वाहतूक आपली आपण चाले. पहाटे तर तोही नसे. मुलगी कट्ट्याभोवती गाडी घेऊन गरागरा फिरे आणि वडील शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत. पेपरावरून त्यांनी मान वर केली, की आपलं काहीतरी चुकलं हे तिला कळे.

त्या सोमवारी शिंपी आणि कारकून मुकाट्याने गाडीत बसले. लाकडाचे व्यापारी मात्र म्हणाले, मी तुमच्या वडिलांची पाठ बरी होईपर्यंत थांबतो. बाईंनी वाद घातला नाही. आठ दिवसांनी शिंपी आणि कारकून दोघेही पास झाले. कारकून तर चौकाला उगाच दोन जादा फेऱ्या मारून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी जिना चढून आले, खुर्ची ओढून बसले आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, की घरी बसून कंटाळा येतो, तेव्हा म्हटलं सुरुवात तरी करावी. चटईवरचे वडील यावर इतके हसले की पाठीतून कळ गेली.

वडील उठून चालू लागले तेव्हा बाईंचे अकरा विद्यार्थी झाले होते. त्यांनी किल्ली परत मागितली नाही. ते फळ्याजवळ बसून पुठ्ठ्याच्या गाड्या सरकवू लागले आणि रस्ता बाईंकडे आला.

बाईंची खरी परीक्षा चढावर. चौकाच्या तोंडाशी, ऐन चढात, त्या गाडी थांबवायला सांगत. मग खाली उतरून मागच्या चाकाला चिकटवून एक काड्यापेटी ठेवत. आता गाडी पुढे घ्यायची आणि काड्यापेटी चिरडायची नाही. ब्रेकवरचा पाय लवकर काढला तर गाडी मागे, क्लच झटकन सोडला तर गाडी बंद. पहिल्या महिन्यात काड्यापेट्यांचा नुसता भुगा होई. बाई खिडकीतून डोकं बाहेर काढून मागच्या चाकाकडे बघत आणि एका सुरात सांगत, "क्लच हळू. हळू. हळू म्हणजे हळू." कोपऱ्यावरच्या फळवाल्या दिवसभर हेच ऐकत. क्लचबाई हे नाव त्यांचंच. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागल्या, आणि बाईंना काही ते वाईट वाटलं नाही.

बाई चोवीस वर्षांच्या होत्या तेव्हा चौकात सिग्नल आला. गावातला पहिलाच. त्यासाठी कट्टा निम्मा कापला, फुलझाडं उचलून शाळेच्या आवारात लावली, आणि एक दिवस हातगाडीवर शिडी घालून नगरपालिकेचा वायरमन आला. खांबाला शिडी लावून तो वर चढला आणि दिव्यांच्या पेटीत डोकं खुपसून बसला. नेमक्या त्याच वेळी बाईंच्या गाडीत एक नवशिके प्राध्यापक होते. शिडी दिसताच त्यांनी जे डोळे मिटले ते मिटलेच. शेजारच्या सीटपुढे लोहाराकडून बनवून घेतलेला दुसरा ब्रेक होता. बाईंनी तो सगळा जोर लावून दाबला. गाडी थांबली, पण थांबता थांबता बंपरने शिडीला हलकीशी टिचकी दिली. शिडी सरकली आणि वायरमन खांबाला मिठी मारून लोंबकळला.

बाईंनी धावत जाऊन शिडी पुन्हा लावली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. वायरमन शांतपणे खाली उतरला. त्याने आधी गाडीकडे बघितलं, मग अजून डोळे मिटून बसलेल्या प्राध्यापकांकडे, आणि शेवटी बाईंकडे.

"सिग्नल सुरू झाला की असं होणार नाही," तो म्हणाला.

सिग्नल सुरू झाला आणि रोजच व्हायला लागलं. पिवळा दिवा म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काही जण थांबत, काही जण दुप्पट वेगाने निघत, आणि एक दूधवाला प्रत्येक पिवळ्याला नमस्कार करी. बाईंची तक्रार वेगळी होती. चढावरचा हिरवा दिवा इतका तुटपुंजा, की नवशिक्याने क्लच सोडेपर्यंत पुन्हा लाल. मागे गाड्यांची रांग, भोंग्यांचा कल्ला, विद्यार्थी रडकुंडीला. बाई तडक नगरपालिकेत गेल्या आणि वायरमनच्या टेबलापुढे उभ्या राहून सगळं ऐकवून आल्या. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, मला मागच्या सीटवर बसून बघता येईल का.

तीन दिवस तो मागच्या सीटवर बसला. मांडीवर वही, हातात घड्याळ. पहिल्या दिवशी नुसते आकडे लिहीत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना विचारलं, की तुम्ही दिवसभर एवढं ओरडता तरी आवाज कसा बसत नाही. तिसऱ्या दिवशी खिशातून खडीसाखरेची पुडी काढून त्याने पुढे दिली. आठवड्याभरात चढावरचा हिरवा दिवा चार सेकंदांनी वाढला. गावात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. औषधांच्या दुकानावर मात्र त्या चार सेकंदांची बरीच चर्चा झाली, आणि वर्षाच्या आत लग्न झालं.

वायरमनना गाडी शिकवायचा बाईंनी मनापासून प्रयत्न केला. पण लाल दिवा दिसला की ते थांबायच्या ऐवजी त्याच्याकडे टक लावून बघत आणि म्हणत, यातला बल्ब आठवड्याभरात जाणार. बल्ब खरोखरच जाई. गाडी मात्र त्यांना आली नाही. चौथ्या महिन्यात बाईंनी हात टेकले आणि त्यांना कायमचं मागच्या सीटवर बसवलं.

सासूबाईंचं प्रकरण त्यानंतरचं. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती, मुलगी तीन वर्षांची होती. सासूबाईंचं वय छप्पन्न. बोलायला कमी, ठरवलेलं करायला पक्क्या. एका दुपारी त्या जिना चढून स्कूलमध्ये आल्या, पायताण दाराशी काढून इतर विद्यार्थ्यांच्या बाकावर बसल्या, आणि नंबर आल्यावर म्हणाल्या की मला शिकायचंय. बाईंना वाटलं, थट्टा चालली आहे. सासूबाईंनी आधीच सगळा विचार केला होता.

"गाडीत मी तुला बाई म्हणेन, तू मला वाटेल तसं ओरड," त्या म्हणाल्या. "घरात पाऊल टाकलं की मी तुझी आई. मग एक अक्षर नको."

करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला. चढावर सासूबाईंनी सतरा काड्यापेट्या चिरडल्या. बाई खिडकीतून डोकं काढून ओरडत, फळवाल्या कान टवकारून ऐकत, आणि सासूबाई तोंडातून ब्र न काढता पुन्हा गाडी लावत. संध्याकाळी घरी आमटी किंचित खारट झाली की सासूबाई ताटावरून सावकाश मान वर करत आणि म्हणत, "हळू. हळू म्हणजे हळू." वायरमनना या घरात आपण कुणाच्या बाजूने हसावं ते कळत नसे, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून हसत.

परीक्षेच्या दिवशी लायसन्स देणाऱ्या साहेबांनी सासूबाईंना मुद्दाम चढावर थांबवलं. सिग्नल लाल. मागे भरलेली बस. हिरवा झाला तशी सासूबाईंनी गाडी अशी उचलली की साहेबांच्या हातातल्या कपातला चहासुद्धा हलला नाही. लायसन्स हातात आलं त्या दिवशी त्यांनी सुनेला शेजारी बसवून चौकाच्या अकरा फेऱ्या मारल्या. बाराव्या फेरीला पोलिसाने थांबवून काय हरवलंय का म्हणून विचारलं. पुढे चौदा वर्षं त्या दर गुरुवारी स्वतः गाडी चालवत बहिणीकडे जात राहिल्या, आणि बहिणीकडे जायला चौक लागत नव्हता तरी चौकावरूनच जात.

बाईंनी चाळिशी ओलांडली तोवर चौक ओळखू येईनासा झाला होता. उरलेला कट्टाही गेला. घोडागाड्या गेल्या, स्कूटरी आल्या, मग गाड्याच गाड्या. कारखाना बंद पडला आणि त्या जागी उंच इमारती उठल्या. अखेर पूल बांधायचं ठरलं, दवाखान्याच्या रस्त्यावरून चढून बाजाराच्या रस्त्यावर उतरणारा. तीन वर्षांत होईल असं सांगितलं आणि सात लागली. सात वर्षं चौकात पत्रे उभे होते. गाडी बाहेर काढायला अर्धा तास, आत आणायला पाऊण. विद्यार्थी घटले, फळवाल्या बाजारात गेल्या, आणि एका वर्षी तर महिन्याला दोनच विद्यार्थी उरले. मुलगी म्हणाली, आई, आता दुसरीकडे जागा बघू. बाईंनी ऐकलं नाही. त्यांनी सकाळी साडेपाचची वेळ ठेवली आणि खड्डे, पत्रे, खडीचे ढीग यांच्यातूनच शिकवू लागल्या. जो इथून गाडी काढेल तो कुठूनही काढेल, असं त्यांनी पाटीवरच लिहून टाकलं. ती पाटी वाचून लोक हसत हसत वर येऊ लागले. मोकळ्या रस्त्यावर दुसरीकडे शिकलेले लोकसुद्धा येत, नुसता मागे गाडी घेण्याचा सराव करायला. तिसऱ्या वर्षापासून सकाळच्या वेळा पुन्हा भरल्या.

पूल झाला तो नेमका स्कूलच्या खिडकीसमोरून. ऊन गेलं याचं बाईंना दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुलावर गाड्या तुंबल्या, आणि बाईंच्या लक्षात आलं की खिडकीतून चार हातांवर ओळखीची माणसं ओळीने बसली आहेत. निम्मी त्यांनीच शिकवलेली. तेव्हापासून रोज सहा ते साडेसात बाई खिडकीत खुर्ची टाकून बसत. लोक काच खाली करून खुशाली विचारत, मुलांची लग्नं सांगत, कुणी दवाखान्यातून परतताना तब्येत सांगे. एका दंतवैद्याने तर खिडकीतूनच बाईंच्या दाढेला औषध सुचवलं. आणि एखाद्याचा पाय उगाच क्लचवर दाबलेला असला, तर तो बाईंना इंजिनाच्या आवाजावरून कळे.

"पाय काढा तिथून, प्लेट जळेल," त्या म्हणत, आणि पन्नाशीतला एखादा बँक मॅनेजर शाळकरी पोरासारखा ओशाळून पाय काढी.

सोळा वर्षांत पूल जुना झाला. गावाबाहेरून वळसा रस्ता झाला होता, त्यामुळे पूल पाडायचा आणि चौक फक्त पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना ठेवायचा, असा प्रस्ताव नगरपालिकेने काढला. कागद वाचून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ड्रायव्हिंग स्कूलच्या दाराशी गाडी आणायची नाही म्हणजे काय. त्यावर मत घ्यायला बोलावलेल्या सभेत उभ्या राहून त्या दहा मिनिटं बोलल्या. सात वर्षं पत्र्यांतून गाडी काढली, मी कुठे तक्रार केली होती, असंही विचारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मतं मात्र पुलाच्या विरोधात दिली. मत देणाऱ्यांत सख्खा नवराही होता. घरी येताना बाईंनी त्यांना जाब विचारला. ते म्हणाले, माझे गुडघे आता रस्ता ओलांडायला तयार नाहीत, आणि तुझेही नाहीत, फक्त तुझे तुला सांगत नाहीत. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

स्कूल मुलीने वळसा रस्त्यावर एका गॅरेजशेजारी हलवलं. मुलगी आता तिथली मास्तरीण होती. बाई आठवड्यातले तीन दिवस शिकवायला जात आणि राहायला मात्र औषधांच्या दुकानावर आल्या. ती खोली सोडायची नाही हे त्यांनी पूल पडायच्या आधीच सांगून ठेवलं होतं.

सिग्नल काढायच्या दिवशी नगरपालिकेने वायरमनना बोलावलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण जुन्या पेटीतल्या तारा कुणाला उमगेनात. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. शिडी चढू दिली नाही म्हणून खाली खुर्चीत बसून, काठीने दाखवत, त्यांनी एकेक तार सोडवून घेतली. तासाभराने आले ते हसतच. चढाच्या बाजूचा हिरवा अजून चार सेकंद जास्तच होता, म्हणाले. मधे तीनदा पेटी बदलली, ते चार सेकंद कुणी काढले नाहीत. बाईंनी चहा पुढे केला आणि त्या मताचा उरलासुरला राग तिथेच संपला.

पुढच्या रविवारी चौक उघडला. सकाळी बाईंना जाग आली ती आवाजाने, म्हणजे नेहमीचा आवाज नसल्याने. खिडकीतून माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी कुणाला तरी काल भाजी कशी जमली ते सांगत होतं आणि शब्दन् शब्द वर येत होता. ऊन थेट टेबलापर्यंत पोहोचलं होतं. बाई खाली उतरल्या. शेहेचाळीस वर्षं रोज या चौकातून गेल्या होत्या, पण मधोमध निवांतपणे पायावर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. तिथे उभं राहायला कुणी वेळच देत नसे. त्या चालत बरोबर मध्यावर गेल्या, चारही रस्त्यांकडे सावकाश वळून बघितलं, आणि त्यांना एकटीलाच हसू यायला लागलं. बाजाराकडून येणाऱ्या एका आजोबांनी काय झालं म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, काही नाही, छान आहे की हे.

आता तीन दिवस वळसा रस्त्यावर जायचं कसं, हा प्रश्न होता. चौकात गाडी नाही, बस दोन थांबे लांब. वायरमननी सुचवलं, सायकल. बाई म्हणाल्या, मला येत नाही. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या संसारात हे वायरमनना माहीत नव्हतं. वडिलांनी थेट गाडीवरच बसवलं, मधे सायकलीला वेळच मिळाला नाही, असा बाईंनी खुलासा केला. वायरमनच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं ते बघून बाई म्हणाल्या, हसायचं नाही.

मुलीने बुटकी, रुंद सीटची सायकल आणून दिली. रोज सकाळी सात वाजता, अडुसष्टाव्या वर्षी, चौकात बाईंचा धडा सुरू झाला. वायरमनना पळता येत नसे, म्हणून ते सीटला बांधलेला पंचा धरून भरभर चालत. आणि आश्चर्य म्हणजे बाई विद्यार्थिनी म्हणून अगदी वाईट निघाल्या. सूचना ऐकायच्या नाहीत, उलट बोलायचं, प्रत्येक चूक सायकलीच्या माथी मारायची. वायरमन न रागावता पुन्हा पुन्हा सांगत राहिले, की लांब बघ, चाकाकडे बघू नकोस.

नवव्या दिवशी बाई पंधरा-वीस हात सरळ गेल्या.

"अहो, धरलंय ना?" त्यांनी विचारलं.

उत्तर फार मागून आलं. बाईंनी ते ऐकून वळून बघितलं आणि चौकात नव्याने केलेल्या फुलांच्या वाफ्यात त्या अलगद आडव्या झाल्या. वायरमन काळजीने चालत येईपर्यंत त्या उताण्या पडून पोट धरून हसत होत्या. कोपरावर खरचटलं होतं, केसात माती होती. उठवायला तीन माणसं लागली, कारण तिघंही हसत होती.

पुढच्या मंगळवारी बाई एकट्या सायकलवरून वळसा रस्त्यावर निघाल्या. पंचवीस मिनिटांच्या वाटेला त्यांना सव्वा तास लागला. वाटेत त्या दोनदा उतरल्या, एकदा रसवाल्याकडे थांबल्या, एकदा नुसत्याच एका उतारावरून पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली आल्या. गॅरेजपाशी एक परिचारिका वाट बघत उभी होती, बाईंची त्या दिवसाची पहिली विद्यार्थिनी. मुलगी दारात कमरेवर हात ठेवून उभी होती आणि उशीर झाल्याबद्दल काहीतरी बोलणार होती. बाईंनी सायकल भिंतीला टेकवली, पदराने कपाळाचा घाम पुसला, परिचारिकेची मनापासून माफी मागितली आणि गाडीचं दार उघडून तिला आत बसवलं. धडा होता गाडी मागे घेण्याचा. बाई शेजारी बसल्या, आरसा तिच्या डोळ्यांच्या उंचीला लावला आणि म्हणाल्या की चला, घाई अजिबात नाही.